ई-२० पेट्रोल: गाडीचा, उसाचा आणि पाण्याचा हिशेब

मुलुंडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २०१६ ची कार्ब्युरेटरवाली स्कूटर आणि २०१९ ची बीएस-४ पेट्रोल गाडी आहे. दोन्हींचं ॲव्हरेज घटलंय. मेकॅनिक म्हणतो इथेनॉलने इंजिन खाल्लं जातं. सांगली जिल्ह्यात ऊस लावणारे त्यांचे थोरले बंधू म्हणतात की इथेनॉल आलं म्हणून कारखान्याचं बिल वेळेवर मिळायला लागलं. यात खरं काय, आणि पर्यावरणाला याचा खरोखर उपयोग होतो का, असं त्यांनी विचारलंय.

आधी थोडक्यात सांगतो. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई-१० म्हणजे दहा टक्क्यांचं. गाडीचं नुकसान व्हॉट्सॲपवर फिरतं त्यापेक्षा बरंच कमी आहे, पण अधिकृत खुलाशांत दिसतं त्यापेक्षा जास्त आहे. जुन्या आणि उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ते जास्त सोसावं लागतं. पर्यावरणाच्या बाजूने मात्र ‘इथेनॉल’ या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. कारखान्यात उरलेल्या मोलॅसिसपासून, म्हणजे मळीपासून, केलेलं इथेनॉल आणि कोळशाच्या बॉयलरवर मक्यापासून केलेलं इथेनॉल तुमच्या टाकीत सारखंच दिसतं, पण त्यांचा हिशेब सारखा नाही.

आता ॲव्हरेज. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. म्हणजे इथेनॉलचा एक लिटर पेट्रोलच्या दोन तृतीयांश लिटरइतकंच काम करतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-१० मध्ये ऊर्जा सुमारे साडेतीन टक्के कमी भरते आणि ई-२० मध्ये पावणेसात टक्के. पण देशातलं सरासरी मिश्रण २०२२ सालीच १० टक्क्यांवर पोहोचलं होतं. तुम्ही आधी ई-१० वर चालत होतात, शुद्ध पेट्रोलवर नाही. तेव्हा ई-१० वरून ई-२० वर आल्याचा फरक साडेतीन टक्क्यांचा. पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी साडेचौदावर येईल. महिन्याला ५० लिटर पेट्रोल लागत असेल तर पावणेदोन लिटर जादा, मुंबईच्या २०२५ मधल्या सुमारे १०३ रुपयांच्या भावाने महिन्याला १८० रुपये. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात याच जातीचे आकडे आहेत: शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई-२० साठी जुळवलेल्या नव्या चारचाकीत १ ते २ टक्के.

तुमचं ॲव्हरेज पंधरा-वीस टक्क्यांनी घटलं असेल तर इथेनॉलला दोष देऊन थांबू नका. टायरमधली हवा, चिकटून चालणारा ब्रेक, तुंबलेला एअर फिल्टर, मेलेला ऑक्सिजन सेन्सर, घाण झालेले इंजेक्टर हे सगळं आधी बघा. मोजायची पद्धतही नीट हवी. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं, आणि ओळीने तीन टाक्यांची सरासरी काढायची. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. तो इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून इंधनाचा अंदाज बांधतो आणि बऱ्याच गाड्यांत खऱ्यापेक्षा चढाच असतो.

टाकीत नक्की किती इथेनॉल आहे हे घरी तपासता येतं. १०० मिलिलिटरचा काचेचा मोजसिलिंडर घ्या, त्यात ५० मिलिलिटर पेट्रोल आणि ५० मिलिलिटर पाणी घाला. पाण्यात आधी चमचाभर मीठ विरघळवलेलं असावं, म्हणजे थर स्वच्छ वेगळे होतात. तोंड बंद करून हलवा, मधे दोन-तीनदा बूच सैल करून वाफ जाऊ द्या, मग दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो ५० चा ६० झाला तर दहा मिलिलिटर इथेनॉल, म्हणजे वीस टक्के. इथेनॉल आणि पाणी एकत्र आल्यावर घनफळ किंचित आकसतं, त्यामुळे ई-२० असताना हिशेब अठरा-एकोणीस टक्के आला तर तो बरोबर समजा. पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेला तर पंपावर लेखी तक्रार करा. हे काम गच्चीत किंवा मोकळ्या जागी करा, जवळपास गॅस, सिगारेट, स्विच काहीही नको, आणि उरलेलं मोरीत ओतू नका.

गाडीच्या आत काय होतं ते आता पाहू. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला ९ पट पुरते. ई-१० ला साधारण १४.१ आणि ई-२० ला १३.५. तेवढ्याच हवेला आता चार टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. तुमच्या २०१९ च्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ही कमतरता ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत करता येते, म्हणून चार टक्के हा त्याच्यासाठी किरकोळ विषय आहे. अडचण येते ती आधीच आजारी असलेल्या गाडीत. इंजेक्टर घाण, फ्युएल पंप थकलेला किंवा इनटेकमध्ये बारीक हवागळती असल्यामुळे ईसीयू आधीच पंधरा-अठरा टक्के जादा इंधन सोडत असेल, तर ई-२० चे चार टक्के त्याला मर्यादेपर्यंत ढकलतात आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. कोड बहुतेक वेळा पी-०१७१ असतो, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने इंधन कमी. मेकॅनिकला स्कॅनरवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ बघायला सांगा, म्हणजे ईसीयू मूळ मापापेक्षा किती टक्के जादा इंधन सोडतोय तो आकडा. गरम इंजिनवर, आयडलला आणि २,५०० आरपीएमला, तो आकडा दहाच्या आत असेल तर गाडी ई-२० व्यवस्थित पचवतेय. फक्त आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी होत असेल तर हवागळती शोधा. उलट असेल तर पंप आणि फिल्टर.

स्कूटरचं तसं नाही. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे इंधन सोडणारं बारीक भोक, ठरलेल्या मापाचा असतो, इंधन बदललं हे कळायची सोय त्यात नाही. मिश्रण तेवढं पातळ होतं. लक्षणं ठरलेली आहेत: सकाळी चोक जास्त वेळ लागतो, सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होते, प्लग पांढरट निघतो. आधी कार्ब्युरेटर साफ करून आयडल मिश्रणाचा स्क्रू पाव फेरी सैल करून बघा. तेवढ्यावर भागलं नाही तरच मेन जेट एक माप वाढवायचा. इथे मेकॅनिक हमखास घाई करतात. जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा असेल, तर ८० च्या जागी ८२ घातल्यावर प्रवाह पाच टक्के वाढतो, कारण प्रवाह व्यासाच्या वर्गावर जातो. ८५ घातला तर तेरा टक्के वाढतो, आणि मग प्लग काळा, ॲव्हरेज आणखी खाली, पीयूसी नापास. बदल केल्यावर पीयूसीच्या मशिनवर कार्बन मोनॉक्साइड बघूनच स्कूटर बाहेर काढा.

‘इंजिन खाल्लं जातं’ हे वाक्य चुकीच्या भागावर बोट ठेवतं. सिलिंडर, पिस्टन यांना ई-२० ने काही होत नाही. त्रास होतो तो इंधनाच्या वाटेवरच्या रबराला, कॉर्कला आणि काही धातूंना. साधा काळा नायट्राइल रबराचा पाइप फुगतो, मऊ पडतो, मग टोकाशी चिरतो. ओ-रिंग फुगून बसत नाही. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक चिकटतं आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. जस्तमिश्रित धातूच्या कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये पांढरी भुकटी साठते आणि पायलट जेट बंद करते. शिवाय इथेनॉल चांगलं द्रावक आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला राळेसारखा थर पहिल्या दोन-तीन टाक्यांत सुटतो आणि फिल्टर तुंबवतो. लोकांना वाटतं ई-२० ने गाडी बिघडली. तो जुना गाळ असतो आणि एक फिल्टर बदलला की विषय संपतो. सरकारी नियमाप्रमाणे ई-२० ला टिकणारे भाग १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आहेत आणि इंजिनही ई-२० साठी जुळवलेलं असण्याची अट एप्रिल २०२५ पासूनची. तुमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या. तेव्हा स्कूटरचा पाइप, पेट्रोल कॉकचा वॉशर, कार्ब्युरेटर किट आणि फिल्टर एकदा बदलून घ्या. पाइप घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा, म्हणजे एफकेएम किंवा व्हिटॉनचा, आहे का विचारा, नुसतं ‘पेट्रोल पाइप द्या’ म्हणू नका. कारमध्ये फिल्टर, आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगा पुढच्या मोठ्या सर्व्हिसिंगला.

मुंबईत सगळ्यात मोठा शत्रू पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळलेलं राहतं आणि इंजिनातून जळून जातं, काही बिघडत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात. वर उरलेलं पेट्रोल ऑक्टेन गमावतं, आणि पंप खेचतो तळातूनच. गाडी बंद. ई-१० मध्ये ही मर्यादा घनफळाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, ई-२० मध्ये त्याहून जास्त. म्हणजे या बाबतीत ई-२० उलट थोडं सोशिक आहे. तापमान उतरलं की मर्यादा कमी होते. मुंबईत रात्र आणि दिवस यांच्या तापमानात फार फरक पडत नाही, ही आपली जमेची बाजू. दमट हवेतून टाकीत शिरणारं पाणी थेंबाथेंबाने येतं, रोज चालणाऱ्या गाडीला त्याची चिंता नाही. खरं पाणी येतं ते पावसाचं. मोटरसायकलच्या टाकीच्या झाकणाभोवती जी खोलगट वाटी असते, तिच्या कडेला पाणी जाण्यासाठी एक बारीक भोक असतं आणि त्याची नळी टाकीतून खाली उतरते. ते भोक मातीने बुजलं की पावसाचं पाणी वाटीत साठतं आणि झाकण उघडताच टाकीत जातं. मे महिन्यात एक पातळ तार घालून ते मोकळं करा, झाकणाचं रबर चिरलं असेल तर बदला. स्कूटरच्या सीटखालच्या झाकणालाही तेच लागू.

तीन-चार आठवडे गाडी उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा, रिकामी जागा कमी म्हणजे आत येणारी दमट हवाही कमी. पेट्रोल कॉक असेल तर तो बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरचा बाउल रिकामा होतो. एकदा थर वेगळा झाला असेल तर वरून नवं पेट्रोल ओतून नशीब आजमावू नका. टाकी पूर्ण काढून वाळवा, बाउल धुवा, फिल्टर फेका. बाजारातली ‘इथेनॉल प्रोटेक्टर’ बाटली फुगलेलं रबर परत आखडवू शकत नाही. १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरणंही व्यर्थ. ९१ ऑक्टेनसाठी बनवलेल्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचा काही उपयोग करून घेता येत नाही, आणि ई-२० स्वतःच ९५ च्या आसपास असतं.

पंपाची बाजूही सांगायला हवी. इथेनॉल पाइपलाइनने आणत नाहीत, कारण वाटेत पाणी धरतं. ते टँकरने डेपोत येतं आणि तिथे पेट्रोलमध्ये मिसळतात. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर पाणी तपासायच्या नेहमीच्या लेपाला, वॉटर पेस्टला, तळाचा इथेनॉलयुक्त थर नीट पकडता येत नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट लागते. पाणी तुंबलेल्या भागातल्या पंपावर पूर ओसरल्यावर लगेच पेट्रोल भरू नका.

आता तुमच्या बंधूंचा मुद्दा. ते चुकीचं सांगत नाहीत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण साखर वर्षभर महिन्याच्या कोट्याने विकली जाते, त्यामुळे गाळप चार महिन्यांत आणि पैसा बारा महिन्यांत. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या साधारण तीन आठवड्यांत देतात. रोख लवकर हातात आली की थकबाकी घटते. ग्रामीण महाराष्ट्रासाठी ही लहान गोष्ट नाही. शहरात बसून तिला नुसती ‘साखर लॉबी’ म्हणणं मला पटत नाही.

पण हा फायदा किती टिकेल, हे आकड्यांत बघा. एक टन उसाच्या रसापासून थेट सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळतं. २०२२-२३ मध्ये एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, टनाला ३,०५० रुपये होती, म्हणजे एका लिटरमागे नुसत्या उसाचे ४३ रुपये ५७ पैसे. रसापासूनच्या इथेनॉलचा दर होता ६५ रुपये ६१ पैसे. २०२४-२५ मध्ये एफआरपी ३,४०० झाली, उसाचा खर्च लिटरला साडेअठ्ठेचाळीस रुपयांवर गेला, आणि दर तोच ६५.६१ राहिला. बावीस रुपयांचं अंतर सतरावर आलं. त्यातून वाफ, यीस्ट, पगार, कर्जाचं व्याज सगळं भागवायचं. त्यात ७ डिसेंबर २०२३ ला, कमी पावसाच्या वर्षी, केंद्राने रस आणि बी-हेवी मोलॅसिसपासून (थोडी साखर शिल्लक असलेल्या मळीपासून) इथेनॉल करण्यावर अचानक लगाम लावला. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचं गणित एका आदेशाने कोलमडलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोकळीक मिळाली, पण धडा उरला: हा धंदा पावसावर आणि दिल्लीवर चालतो.

दुसरी गोष्ट बंधूंना कदाचित माहीत नसेल. इथेनॉल आता मुख्यतः उसाचं राहिलेलंच नाही. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटलेल्या सुमारे १,०४८ कोटी लिटरपैकी जवळपास ७२ टक्के धान्यापासूनचं आहे. त्यात एकटा मका पंचेचाळीस टक्क्यांच्या पुढे, उरलेल्यात अन्न महामंडळाचा तांदूळ मोठा. मक्याचे परिणाम पोल्ट्रीवाल्यांना विचारा. कोंबडीखाद्याचा मुख्य घटक मका, आणि मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये आयात करायला लागला. धान्याच्या डिस्टिलरीतून टनाला तीनेकशे किलो चोथा, डीडीजीएस, निघतो आणि तो पशुखाद्यात जातो, पण त्याने सोयापेंडीचा भाव पाडला आणि त्याची झळ लातूर-विदर्भातल्या सोयाबीनवाल्यांना बसली. सांगलीला मिळालेले पैसे लातूरच्या खिशातून काही अंशी वजा होतात, ही बाजू कुणी मांडत नाही.

तांदळाचं तर आणखी स्पष्ट आहे. २०२४-२५ मध्ये ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी दिला गेला, क्विंटलला २,२५० रुपयांनी. टनाला ४५० लिटर धरले तर लिटरमागे ५० रुपये. पण तोच तांदूळ खरेदी करून, साठवून, सांभाळून महामंडळाला क्विंटलला चार हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे लिटरला ८९ रुपये. मधले एकोणचाळीस रुपये करदाता भरतो, आणि ते पंपाच्या पावतीवर कुठेही दिसत नाहीत.

ग्राहकाच्या किमतीचं बोलू. ब्राझीलमध्ये पंपावर पेट्रोल आणि इथेनॉल वेगवेगळं मिळतं, आणि चालक साधा नियम पाळतात: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असेल तरच भरायचं. ऊर्जेचं प्रमाण तेच सांगतं. आपल्याकडे जुलै २०२५ अखेर इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक आणि जीएसटीसह ७१ रुपये ३२ पैसे होती. पेट्रोलइतक्या ऊर्जेसाठी ती १०८ रुपये होते, तीही पेट्रोलवरचे कर लागण्याआधी. नीती आयोगाच्या त्याच २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं की मिश्रित पेट्रोल स्वस्त असावं, म्हणजे घटलेल्या ॲव्हरेजची भरपाई होईल. तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं. नंतर ते महाग झालं आणि शिफारस कागदावर राहिली. परकीय चलन वाचतं हे खरंच आहे. सरकारच्या आकड्याप्रमाणे २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटींहून जास्त. ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करणाऱ्या देशाला आखातात काही घडलं की या पैशाचं मोल कळतं. पण ती बचत देशाची, आणि साडेतीन टक्क्यांचा जादा खर्च स्कूटरवाल्याचा. बचतीतला वाटा त्याला मिळायला हवा होता.

पर्यावरणात पहिलं नाव पाण्याचं. नीती आयोगानेच दिलेला आकडा आहे: उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी. स्कूटरच्या पाच लिटर टाकीत एक लिटर इथेनॉल, त्यामागे टँकरच्या भाषेत चौथाई टँकर. मात्र हा आकडा सगळ्या इथेनॉलवर सरसकट लावणं अन्यायाचं. सी-हेवी मोलॅसिस हा साखर काढून झाल्यावर उरलेला भाग आहे, त्याचं पाणी साखरेच्या खात्यात आधीच खर्च झालं. टनभर उसामागे दहा-अकरा लिटर मिळतात, पण ते जवळपास फुकटचे. रसापासून केलेलं इथेनॉल मात्र पूर्ण पाण्याचं देणेकरी. आणि ऊस कुठला हाही प्रश्न आहे. कृष्णाकाठचा ऊस आणि सोलापूर-मराठवाड्यातला बोअरवेलवरचा ऊस एकाच मापाने मोजता येत नाही. कृष्णाकाठीही सगळं छान नाही. वाळवा, मिरज, शिरोळ पट्ट्यात पाटाने भरमसाट पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या आहेत. बंधूंनी ठिबक केलं नसेल तर इथेनॉलच्या पैशातला पहिला खर्च तोच करावा. आडसाली ऊस अठरा महिने शेतात उभा राहतो, त्याला सरी भरून पाणी देणं आता परवडणारं नाही.

दुसरं स्पेंटवॉश. मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर तपकिरी, आम्ल, पोटॅशयुक्त सांडपाणी निघतं. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण नाहीशी व्हायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात, शहराच्या सांडपाण्याचा साधारण पाचशे. रोज ६० हजार लिटरची मध्यम डिस्टिलरी घ्या, लिटरला दहा लिटर स्पेंटवॉश धरा: रोज सहा लाख लिटर, साठ टन सीओडी. हा भार बारा कोटी लिटर शहरी सांडपाण्याइतका, म्हणजे माणशी १३५ लिटर धरून नऊ लाख लोकांच्या शहराइतका. म्हणूनच डिस्टिलरीला एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट आहे. बायोगॅस, मग बाष्पीभवन, मग इन्सिनरेशन बॉयलर, शेवटी पोटॅशची राख खत म्हणून. यंत्रणा चांगली आहे, चालवली तर. बॉयलरच्या नळ्यांवर पोटॅशची खपली चढते, महिन्या-दोन महिन्यांनी बंद करून साफ करावा लागतो, आणि त्या दिवसांत स्पेंटवॉश साठवायचं तळं भरलेलं असेल तर तो रात्री ओढ्यात सोडायचा मोह होतो. कारखान्याजवळ राहणाऱ्यांनी बॉयलर बंद असतानाच्या आठवड्यातलं ओढ्याचं पाणी तपासायला हवं. एरवीचे नमुने स्वच्छच येतील.

तिसरं कार्बन. इथेनॉल जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड पिकाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो मोजत नाहीत. ते ठीक. पण युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो, आणि डिस्टिलरीला वाफ लागते. साखर कारखान्याला जोडलेली डिस्टिलरी बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालते. धान्याची स्वतंत्र डिस्टिलरी अनेकदा कोळशावर. लिटरला साडेतीन किलो वाफ आणि एक किलो कोळशातून पाच किलो वाफ धरली तर सुमारे ७०० ग्रॅम कोळसा, म्हणजे एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. त्या लिटरने वाचवलेलं पेट्रोल जळताना दीड किलोच सोडलं असतं. सरकारी अभ्यास उसाच्या इथेनॉलला पेट्रोलपेक्षा ६५ टक्के आणि मक्याच्या इथेनॉलला ५० टक्के कमी उत्सर्जनाचं श्रेय देतो. बगॅस, भाताचं तूस, बायोगॅस वापरणाऱ्याला ते शोभेल. कोळसेवाल्याला नाही. दोघांना दर मात्र एकच मिळतो, आणि माझ्या मते धोरणातली ही सगळ्यात मोठी चूक आहे.

मुंबईच्या हवेला याने काय मिळतं? कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकींत कार्बन मोनॉक्साइड चांगला घटतो, नीती आयोग दुचाकीत ५० टक्के म्हणतो. बीएस-६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ते काम आधीच करतो, फरक थोडा. नायट्रोजन ऑक्साइडचा कल एकसारखा नाही, ॲसिटाल्डिहाइड हा दुसरा प्रदूषक वाढतो. हिवाळ्यात जी धुरकट हवा दिसते तिच्यात बांधकामाची आणि रस्त्याची धूळ, डिझेल आणि कचरा जाळणं आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सी आणि रिक्षा तर सीएनजीवर आहेत. ई-२० मुळे शहराचं आभाळ स्वच्छ होईल ही अपेक्षा ठेवू नका.

जमिनीचाही एक हिशेब करून पाहा. एका हेक्टरवर साडेतीन टन मका, त्यातून १,३३० लिटर इथेनॉल, लिटरला दहा किलोमीटर धरले तर तेरा हजार किलोमीटर. त्याच हेक्टरवर अर्धा मेगावॉट सौर पॅनेल वर्षाला साडेसात लाख युनिट देतात. युनिटला सात किलोमीटर जाणारी गाडी धरली आणि निम्मी वीज गळतीत गेली असं मानलं, तरी सव्वीस लाख किलोमीटर. बॅटरीची स्वतःची किंमत आहेच, आणि सगळ्यांना ती आज परवडणार नाही. पण रस्त्यावर आहेत त्या कोट्यवधी पेट्रोल गाड्यांसाठीच इथेनॉलला अर्थ आहे, त्यासाठी नवी जमीन आणि नवे बोअर खोदण्यात नाही.

तेव्हा स्कूटर विकू नका. पाइप, वॉशर, किट, फिल्टर बदला, स्क्रू जुळवा, ती अजून काही वर्षं चालेल. कारचा फ्युएल ट्रिम बघून घ्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ई-२० विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, त्यामुळे शुद्ध पेट्रोल परत मागण्यात वेळ घालवू नका. मागायचंच तर ग्राहक पंचायतीमार्फत दोन गोष्टी मागा: २०२३ पूर्वीच्या गाड्यांसाठी प्रत्येक भागात निदान एका पंपावर ई-१०, आणि ई-२० चा दर ई-१० पेक्षा ऊर्जेच्या फरकाइतका, म्हणजे १०३ रुपयांच्या भावाने लिटरला साडेतीन रुपये कमी.